अंधाराला मुदतवाढ

वैशाली, गाझियाबाद
रविवार, सकाळ (चहा अजून मिळालेला नाही)

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या विश्वनाथचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरताच. प्रत्यक्ष घालायचा झाला तर मला पुन्हा उभं करायला दोन माणसं लागतील, कमरेचं तुला माहीतच आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊसाहेबांची साखर आटोक्यात आहे का, आणि ते अजूनही सकाळी फिरायला जातो सांगून मिसळ खाऊन येतात का? येत असतील तर माझ्याकडून काही बोलू नकोस, पुढच्या खेपेला मलाही त्यांच्याबरोबर जायचं आहे. इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे सुनीती ठीक आहे, नीरजा ठीक आहे, आणि मी पहाटेपासून दिवाणखान्यातून बाल्कनीत आणि बाल्कनीतून दिवाणखान्यात येरझाऱ्या घालतो आहे. दोनदा पेपर उघडला, दोनदा मिटला. गीझर चालू केला आणि आंघोळीला जायचं विसरलो. सुनीतीने शेवटी हातात कागद-पेन दिलं आणि म्हणाली, 'अहो, अक्कांना पत्र लिहा, निदान एका जागी बसाल तरी.' तेव्हा हे पत्र.

फोन का केला नाही असं तू विचारशील. फोनवर बोललं की सुनीती भाजी निवडता निवडता सगळं ऐकते आणि मधेमधे दुरुस्त्या करते. शिवाय मला तुझ्याकडून निकाल हवा आहे, आणि तो लेखी हवा आहे. आठवतं ना, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं पत्त्यांवरून हातघाईवर आलो की आई सरळ तुझ्याकडे पाठवायची. तू दोन्ही बाजू ऐकायचीस, मधेच उठून पाणी पिऊन यायचीस (आम्हाला वाटायचं तू विचार करते आहेस, तुला खरंच तहान लागलेली असायची), आणि मग निकाल द्यायचीस. तो कुणी कधी फिरवला नाही. पत्ता कमी भरला तर डाव रद्द, हा नियम तुझाच. आज जे प्रकरण तुझ्यासमोर ठेवतो आहे ते त्या नियमाच्या जरा पलीकडचं आहे.

झालं असं, की नीरजाने एक पत्त्यांचा खेळ तयार केला. आपले बावन्न पत्ते नव्हेत, यात राजा-राणी-गुलाम कुणी नाही. हा खेळ पारशी धर्मातल्या उजेडाच्या आणि अंधाराच्या गोष्टींवर बेतलेला आहे. तुला आठवत असेल, आम्ही दोघंही ऑफिसात, म्हणून शाळेतून आली की ती वरच्या मजल्यावर होमायबाईंकडे जाऊन बसायची. होमायबाई माझ्याच मंत्रालयात अकाउंट्सला होत्या, पण माझ्या कितीतरी आधी निवृत्त झाल्या, आणि एकट्या राहतात. त्या हिला रवो खायला घालायच्या (आपला शिराच, पण दुधात शिजवलेला आणि जास्त लाडावलेला) आणि घासाघासाला गोष्टी सांगायच्या. एका बाजूला अहुर मझ्द, म्हणजे उजेड, सत्य, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या बाजूला अहरिमन, म्हणजे अंधार, खोटेपणा आणि सगळीकडे धूळ. (ही धूळ बहुधा होमायबाईंनी पदरची घातली असावी, त्या गाझियाबादेत राहतात.) आम्हाला वाटायचं मुलगी रव्याच्या लोभाने जाते. ती गोष्टी साठवत होती.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. म्हणे अगदी आरंभीच अहुर मझ्दने अहरिमनला सांगितलं, आपण नऊ हजार वर्षं लढू आणि मग विषय संपवू. अहरिमनने मागचा-पुढचा विचार न करता होय म्हटलं, आणि होमायबाईंच्या म्हणण्याप्रमाणे तो तिथेच हरला, कारण मुदत ठरली की अंधाराचा शेवट ठरला. अक्का, मी सारा जन्म केंद्र सरकारच्या फायलींत काढला. मुदतवाढीचं कलम न घालता मुदतीला सही देणारा माणूस माझ्या सेक्शनमध्ये आठवडाभर टिकला नसता. मी तसं बोलून दाखवलं, आणि तिथेच माझ्या गळ्यात अंधार पडला.

कारण खेळायला चार माणसं लागतात. तिघांनी उजेडाच्या बाजूने खेळायचं आणि एकाने अंधार व्हायचं. होमायबाई नीरजाला म्हणाल्या, 'मैं मर जाऊँगी, डीकरा, लेकिन अहरिमन नहीं बनूँगी.' सुनीती म्हणाली, मला कुकर बघत खेळायचंय, अंधाराला लक्ष द्यावं लागतं. नीरजाला आपलाच खेळ उजेडातून बघायचा होता. उरलो मी. दिवाणखान्यात सतरंजी अंथरली, ती नीरजाने पानिपतहून आणलेली. मराठी माणसाने पानिपतच्या सतरंजीवर बसून लढाईला सुरुवात करू नये हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नियम थोडक्यात सांगतो, निकालासाठी लागतील. डावाच्या नऊ फेऱ्या, प्रत्येक फेरी हजार वर्षांची. उजेडवाल्यांकडे आग, पाणी, झाडं, गुरं अशी पानं, अंधाराकडे धूर, दुष्काळ, गंज, चहाडी अशी. अंधाराने शेवटी हरायचंच असतं. तो हरेपर्यंत किती नासधूस करतो त्यावर उजेडाचे गुण ठरतात. अंधाराला खोटं बोलायची मुभा आहे. उजेडवाल्यांना खोटं बोलता येत नाही, मात्र गप्प बसता येतं. आणि उजेडवाल्याने कुठलं पान खेळायचं आणि कुठलं हातात ठेवायचं हे त्याचं तो ठरवतो, पण अंधाराला तशी निवड नाही. हातात वाईट पान आलं की ते त्याला खेळावंच लागतं. हा नियम होमायबाईंनी घालायला लावला. त्यांच्या मते निवड करता येणं हेच तर उजेडाचं लक्षण.

आता मुख्य पान. तिचं नाव बुश्यास्ता. ही आळसाची आणि उशिराची राक्षसीण, लांब लांब हातांची. पहाटे माणूस उठायला लागला की ती त्याला थोपटून सांगते, झोप, अजून वेळ झालेली नाही. नववी फेरी संपत आली की अंधाराने बुश्यास्ता टाकायची, मग सगळ्यांनी आपापली पानं परत हातात घेऊन ती फेरी पुन्हा खेळायची. तिच्यावर एकच उतारा, कोंबडा. गठ्ठ्यात कोंबड्याचं एकच पान, ते उजेडवाल्याने टाकलं की बुश्यास्ता बाद, पहाट झाली, डाव संपला. नीरजाच्या हिशेबाने हा सगळा कारभार चहाच्या वेळेपासून जेवणापर्यंत आटपायला हवा.

पहिल्या रविवारी मी बुश्यास्ता टाकली, फेरी पुन्हा झाली, मी बुश्यास्ता उचलून परत हातात घेतली आणि फेरीच्या शेवटी पुन्हा टाकली. नीरजा म्हणाली, 'बाबा, ती एकदाच टाकायची असते ना, यार.' मी म्हटलं, नियमात दाखव. नियमात नव्हतं. ती नियम लिहायला गेली तेव्हा मी हरकत घेतली, की चालू डावात नियम बदलता येणार नाहीत. ही हरकत मी सर्वांकडून हात वर करून मंजूर करून घेतली. होमायबाई माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'विश्वनाथजी, आपका अहरिमन तो बिल्कुल सरकारी है.' मी ते कौतुक समजून घेतलं.

तो डाव, अक्का, जूनमध्ये सुरू झाला आणि पाऊस येऊन गेला तरी चालूच होता. दर रविवारी संध्याकाळी होमायबाई खाली यायच्या, सुनीती पोहे नाहीतर साबुदाणावडे करायची, नीरजा पत्ते कपाटातून जसेच्या तसे काढायची (प्रत्येकाचा हात वेगळ्या पाकिटात, पाकिटावर नाव), आणि नववी फेरी पुन्हा सुरू व्हायची. एकदा ऐन रंगात वीज गेली, सोसायटीचा जनरेटर रुसला, तेव्हा सुनीती म्हणाली, घ्या, जिंकलात तुम्ही. होमायबाईंनी वरून त्यांचा दिवा आणवला आणि त्या उजेडात मी पुन्हा बुश्यास्ता टाकली. सगळे हसले. मीही हसलो. इतकं हसणं आमच्या घरात बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती इथेच सांगतो म्हणजे मागाहून तुझा गैरसमज नको. तुमच्या पुण्याच्या ज्या खेळण्यांच्या कंपनीत नीरजाला नोकरी लागली आहे (तुला फोनवर सांगितलं होतं), त्यांनी तिला या खेळावरूनच घेतलं. त्यांची अट एवढीच, की निदान एका घरात हा डाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून बघ, नियम पक्के कर आणि मग रुजू हो. म्हणजे डाव संपला की नीरजा जाणार. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे असं सुनीतीला वाटतं. मला वाटत नाही. मी फक्त नियमाप्रमाणे खेळत होतो. अंधाराला निवडच नसते, हे मी तिला अनेकदा समजावलं. ती म्हणाली, 'हो का,' आणि आत गेली.

मधे मला शंका आली, की इतके रविवार झाले, गठ्ठा कितीदा पिसून झाला, मग कोंबडा आहे कुठे? मी तिघींनाही सरळ विचारलं, कारण त्यांना खोटं बोलता येत नाही. होमायबाई म्हणाल्या, 'मेरे पास तो नहीं है.' सुनीती म्हणाली, माझ्याकडे नाही, आणि तुमचा चष्मा तुमच्या डोक्यावर आहे. नीरजा तेवढ्यात चहा टाकायला उठली. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला, की पान हरवलं. मी कूलरच्या मागे पाहिलं, सोफ्याच्या फटीत हात घातला (तिथे भाऊसाहेबांचं मागच्या वर्षी हरवलेलं पेन मिळालं, ते नीरजाबरोबर पाठवतो), वॉशिंग मशीनच्या खालीसुद्धा बॅटरी मारली. आणि कुणाला काही बोललो नाही. कोंबडा नाही म्हणजे पहाट नाही, मला त्याची घाई नव्हती.

मग मागच्या सोमवारी सकाळी मी बाल्कनीच्या दाराआड पेपर वाचत बसलो होतो आणि बाहेर नीरजा फोनवर होती. पुण्याचे लोक होते. तिने रुजू व्हायची तारीख आधी दोनदा पुढे ढकलून घेतली होती, हे मला माहीतच नव्हतं. या वेळी त्यांनी सांगितलं असावं, की एक तारखेला ये नाहीतर आम्ही दुसरं कुणी बघतो. नीरजा म्हणाली, 'डाव अजून संपला नाहीये. कोई बात नहीं, नाही जमलं तर राहू दे.' मग तिने फोन ठेवला आणि तुळशीला पाणी घालत बसली. कुंडी भरून पाणी बाहेर वाहायला लागलं तरी घालतच होती.

अक्का, मुलाखत होऊन आली त्या दिवशी ही मुलगी चप्पल न काढता घरभर फिरत होती, सुनीती ओरडली तरी हिला ऐकू गेलं नव्हतं. ती नोकरी तिला किती हवी होती हे मला दिसलं होतं. आणि मी तिच्या वाटेत लांब लांब हात पसरून बसलो होतो. त्या क्षणापासून मला हरायचं होतं, ताबडतोब.

आणि हरता येईना. बुश्यास्ता हातात, म्हणजे नववी फेरी संपताना ती टाकणं मला भाग. नियम बदलावा, तर चालू डावात नियम बदलायचा नाही असा ठराव मीच मंजूर करून घेतलेला. बुश्यास्ता हळूच फाडून टाकावी असंही मनात आलं, पण पत्ता कमी भरला तर डाव रद्द, हा तुझा नियम आमच्या घरात अजून चालतो, मग पुन्हा पहिल्या फेरीपासून सुरुवात. त्याच कारणाने कोंबडा हरवला हेही बोलायची सोय नव्हती. रात्रभर कूस बदलत राहिलो. सुनीती म्हणाली, पलंग मोडेल. सकाळी माझ्या डोक्यात आलं, की कोंबडा नाही तर कोंबडा आणावा.

नोएडाला नीरजाने ज्या छापखान्यातून हे पत्ते छापून घेतले होते तिथे गेलो. वैशालीहून मेट्रो, यमुना बँकला बदल, अस्वस्थपणात एकदा उलट्या बाजूच्या गाडीत बसलो आणि दोन स्टेशनं मंडी हाऊसच्या दिशेने जाऊन परत आलो. छापखान्याचे मालक श्यामजी यांना मी म्हटलं, एक कोंबडा हवा आहे. ते म्हणाले, 'सर, एक मुर्गा नहीं छपता. पूरी शीट छपती है.' शीट म्हणजे काय, तर एका मोठ्या कागदावर कोंबड्यांच्या ओळीच्या ओळी. मी म्हटलं, चालेल. त्यांनी विचारलं, काय करणार इतक्यांचं? मी म्हटलं, मुलीला नोकरीवर पाठवायचंय. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, बहुधा त्यांनाही मुलगी असावी. कापलेले कोंबडे डब्याच्या पिशवीत घालून मी घरी आलो. फक्त या नव्या पानांवर कोंबड्याचा तुरा जरा जास्त लाल आला होता.

परवा, शुक्रवारी, मी सगळ्यांना सांगितलं की या वेळी रविवारची वाट बघायची नाही. सुनीती पोहे परतत होती, नीरजा वर होमायबाईंना बोलवायला गेली होती, तेवढ्यात मी एक कोंबडा गठ्ठ्यात सरकवला, अगदी वर. अंधार उजेडाच्या बाजूने फसवाफसवी करतो आहे, हे अहुर मझ्दला कसं वाटलं असतं कोण जाणे. नववी फेरी सुरू झाली. होमायबाईंनी पान उचललं, जवळ नेलं, लांब नेलं, चष्मा पुसला, आणि फेरीच्या शेवटी माझी बुश्यास्ता पडल्या पडल्या तिच्यावर कोंबडा टाकला. 'लो. सुबह हो गयी.'

मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात माझं लक्ष नीरजाकडे गेलं. ती त्या पानाकडे बघत होती. तिचा चेहरा पडला होता. तिने आपल्या हातातलं एक पान काढलं आणि होमायबाईंच्या पानाशेजारी ठेवलं. तोही कोंबडा होता. जुना, फिकट तुऱ्याचा, आणि कडा मऊ पडलेला, इतके दिवस हातात धरून पडतो तसा.

पानिपतच्या सतरंजीवर दोन कोंबडे. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. तिने नव्या कोंबड्याचं विचारलं नाही आणि मी त्या दिवशीच्या चहाचं विचारलं नाही. होमायबाईंनी दोन्ही पानं हातात घेऊन बघितली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. शेवटी सुनीतीच उठली आणि म्हणाली, 'चला, एकदाचं दोनदा उजाडलं. आता तरी उठा सगळे, पोहे गार झाले. मला पहिल्या दिवसापासून दिसत होता तिच्या हातात कोंबडा, मी तिच्या शेजारी बसते.' मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, मला गप्प बसायची मुभा आहे. आणि डोळे पुसत आत गेली, कांदा चिरायला, असं म्हणाली. पोह्यांत कांदा आधीच घातलेला होता.

नीरजाने त्याच संध्याकाळी पुण्याला कळवलं, की डाव पूर्ण झाला, येते. काल दिवसभर तिचं सामान भरणं चाललं होतं आणि आज सकाळपासून माझ्या येरझाऱ्या. तर अक्का, माझा प्रश्न इतकाच. पत्ता कमी भरला तर डाव रद्द, हे तू पूर्वीच ठरवून दिलं आहेस. पण पत्ता एक जास्त भरला तर काय, यावर तुझा निकाल नाही. आपल्या वेळी कुणी पत्ता वाढवेल अशी कुणाला कल्पनाच नव्हती. हा डाव ग्राह्य धरावा की नाही, हे शांतपणे विचार करून, हवं तर पाणी पिऊन, मला लेखी कळव. माझा यात काहीही स्वार्थ नाही, नुसती नियमाची स्वच्छता म्हणून विचारतो.

बाकी नवीन काही नाही. गुडघ्याला तेल लावत जा आणि भाऊसाहेबांना माझा नमस्कार सांग. पत्र वाचून झाल्यावर फाडू नकोस, प्रकरणाच्या फायलीला लागेल.

तुझा, अजून उभा असलेला,
विश्वनाथ

ता. क. नीरजा पुढच्या आठवड्यात पोचेल. खोली मिळेपर्यंत तिला तुझ्याकडेच ठेवून घे, आणि मिळाली तरी लगेच सोडू नकोस. तिला घरची आठवण येते का असं मात्र विचारू नकोस. ती खोटं बोलणार नाही, चहा टाकायला उठेल. उठली तर तिच्यामागे स्वयंपाकघरात जा.

ता. क. २ वरच्या निकालाबाबत. तुझ्यावर दडपण आणायचं नाही, पण निकाल 'डाव रद्द' असाच दे. आणि त्यात स्पष्ट लिही, की फेरडाव मूळच्या चारही खेळाडूंनी, मूळच्याच जागी, म्हणजे गाझियाबादेत, दिवाळीत खेळावा. मी अपिलात हरलो तरी चालेल, पण सुनावणी इथेच व्हायला हवी.

ता. क. ३ सुनीतीने हे पत्र वाचलं (चहा घेऊन आली होती) आणि सांगितलं, की नीरजाने दिवाळीचं तिकीट कालच काढून ठेवलं आहे. तरीही निकाल लेखी पाठव. तिकीट रद्द करता येतं, तुझा निकाल आजवर कुणी रद्द केलेला नाही.